हे कुठलं गाव?

१

माळीवाड्याच्या एसटी स्टँडसमोर जालिंदरचा फोटो स्टुडिओ होता, आणि तिथं सविता जे काम करायची ते आता कुणी करत नाही. लोक सहलीहून आले की रोल धुवायला टाकत. फोटो न्यायला आले की म्हणत, "ताई, खाली गावाचं नाव टाका की झोकात!" मग सविता बारीक टाक पांढऱ्या शाईत बुडवायची आणि फोटोच्या खालच्या कडेला लिहायची. महाबळेश्वर. वेरूळ. गणपतीपुळे. तिचं अक्षर असं होतं की लोक फोटो बाजूला ठेवून आधी अक्षरच बघत बसायचे.

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. नगरात तेव्हा घरोघरी स्वस्तातले कॅमेरे आले होते आणि हौसेला नुसता ऊत आला होता. नुसतं गावाचं नाव लिहून लोकांचं समाधान व्हायचं नाही. कुठल्या लॉजवर उतरलो, कोण कोण होतं, घराला कुलूप लावून सगळेच्या सगळे कसे गेलो, तेही लिहा म्हणायचे. केडगावच्या एका गृहस्थांनी तर नव्या बंगल्याच्या फोटोवर गल्ली, वळण आणि मागच्या दाराची विहीर एवढं सगळं लिहवून घेतलं, आणि जालिंदरनं तो फोटो बाहेरच्या काचेत लावला तेव्हा त्यांनी आनंदानं पेढे वाटले. चोराला आणखी काय हवं असतं, हा प्रश्न त्या भल्या माणसाला पडला नाही.

सविता हसायची, पण तिला ही हौस मनातून आवडायची नाही. जालिंदरनं कितीदा म्हटलं, "ताई, तुझा एक फोटो काढून काचेत लावू. स्टुडिओची शोभा वाढंल." ती म्हणायची, "भाऊ, माझा फोटो नको. पोरीचाबी नको." त्यानं कारण विचारलं नाही. त्याच्या आईनं, आक्काबाईनं, त्याला ते कारण आधीच सांगून ठेवलं होतं.

सविता नवऱ्यापासून लपून, केडगावला आक्काबाईच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहत होती. तिचा ठावठिकाणा माहेरी माहीत नव्हता, सासरी माहीत नव्हता. लेक माधुरी तीन वर्षांची होती तेव्हा तिला कडेवर घेऊन ती पळाली. आता पोर सात वर्षांची होती, दुसरीत होती, आणि आईसारखंच टपोरं अक्षर काढत होती. ही पोर शाळेत राहावी, उसाच्या फडात जाऊ नये, एवढ्यासाठी सविता जगत होती. बाकी स्वतःसाठी तिला फारसं काही नको होतं.

२

सविता पाथर्डीकडची. तिकडं दिवाळी झाली की गावं रिकामी होतात, माणसं ट्रकात बसून ऊस तोडायला कारखान्यांकडे जातात. लग्न झालं त्या वर्षीपासून तीही कानिफनाथबरोबर कोपरगावकडं जायची. ती सातवी शिकलेली, तो अंगठेबहाद्दर. ट्रक निघाला की तो तिला फळीच्या कडेला बसवायचा आणि प्रत्येक गावाला विचारायचा, "हे कुठलं गाव गं?" ती मैलाचा दगड बघून, दुकानाची पाटी बघून वाचून दाखवायची. मिरी. घोडेगाव. राहुरी. कोल्हार. त्याला त्याचं फार अप्रूप वाटायचं. पहिल्या वर्षी तिलाही वाटलं. आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग आहे, या विचारानं ती सुखावली होती.

पुढं दारू आली, मार आला. एकदा कोयत्याच्या मागच्या बाजूनं त्यानं तिची पाठ सोलून काढली. तेही तिनं सोसलं. पण माधुरी चालायला लागली आणि तो म्हणाला, "हिला कशाला साळा? मोळ्या बांधायला कामाला यील," तेव्हा तिच्या मनानं घर सोडलं. त्याला ते कळलं असावं. उसाचं पाचट पेटवता पेटवता तो अगदी शांतपणे म्हणाला होता, "जा तू कुटंबी. मला वाचता येत न्हाई, पर इचारता येतं. इचारत इचारत यीन."

चार वर्षं झाली, तरी मागून कुणी पत्ता विचारला की सविताच्या मानेवर काटा यायचा. स्टँडसमोरचं दुकान, त्यामुळं दिवसातून पन्नास माणसं पत्ता विचारायची. ती कधीच उत्तर द्यायची नाही. जालिंदर गमतीनं म्हणायचा, "साऱ्या महाराष्ट्राची नावं लिहिती, अन् दिल्लीगेट कुठंय एवढं सांगत न्हाई!"

३

दुकानाच्या दाराला एक लाकडी पेटी होती. सकाळी शटर उघडायच्या आधी एसटी पकडणारी माणसं नाव लिहिलेल्या पाकिटात रोल घालून त्या पेटीत टाकून जायची. एका सोमवारी त्यात एक पाकीट निघालं, त्याच्यावर नाव नव्हतं. जिथं नाव लिहायचं तिथं निळ्या शाईचा अंगठा उठवलेला होता.

"अडाणी गिऱ्हाईक असंल," जालिंदर म्हणाला. "पर रोल बघ, काळा-पांढरा. आता कोन वापरतंय हा?"

रंगीत रोल तो लॅबला पाठवायचा, काळे-पांढरे मात्र मागच्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच धुवायचा. त्यानं तो धुतला. आख्ख्या रोलवर एकच फोटो होता, बाकी सगळं कोरं. फोटोत माणूस नव्हता. नदीवरचा पूल, कठड्यावर वाळत टाकलेलं कुणाचं तरी धोतर, खाली थोडंसं पाणी.

सविताला हसू आलं. कोपरगावचा पूल तिनं लगेच ओळखला. गोदावरी तिनं पाच हंगाम पाहिली होती. कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, पण फोटो समोर आला की नाव लिहायचं ही हाताची सवय. तिनं खाली 'कोपरगाव' लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि पाकीट तयार मालाच्या फळीवर ठेवून दिलं. दुपारी जालिंदर चहाला गेला, ती मागं टाक धुवायला गेली, तेवढ्यात पाकीट कुणी तरी घेऊन गेलं. त्यात नवल काही नव्हतं. ओळखीची गिऱ्हाइकं आपापलं पाकीट उचलून न्यायची. फळीजवळ मात्र उसाच्या मळीचा आंबूस वास येत होता. स्टुडिओत रसायनांचे वास कायम असायचे, म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तसंच दुसरं पाकीट आलं. तोच निळा अंगठा. फोटोत राहुरीच्या स्टँडचा हापसा होता, त्याच्या बाजूला फुटकी फरशी आणि चिखल. सवितानं 'राहुरी' लिहिलं, पण लिहिता लिहिता तिचा हात जरा मंदावला. कोपरगावहून पळून येताना एसटी राहुरीला थांबली होती. माधुरीला उलटी झाली होती आणि त्याच हापशावर तिनं पोरीचं तोंड धुतलं होतं. फरशीवर चिखल झाला होता म्हणून एका कंडक्टरनं शिवी हासडली होती.

असेल, हापशावर साऱ्या जगाचे फोटो निघत असतील, असं ती स्वतःला म्हणाली. पण हापशाचा फोटो कोण काढतं, हे तिच्याच मनानं तिला लगेच विचारलं. संध्याकाळपर्यंत ते पाकीटही गेलं होतं. कुणी नेलं ते जालिंदरनं पाहिलं नव्हतं.

४

तिसरा फोटो बाकाचा होता. माळीवाडा स्टँडचा सिमेंटचा बाक, मागं पानाची टपरी, बाकाखाली केळीचं साल. त्या बाकावर सविता आणि माधुरी पूर्ण एक दिवस बसून होत्या. जायला ठिकाण नव्हतं. संध्याकाळी एक म्हातारी शेजारी येऊन बसली, न विचारता पोरीच्या हातात केळं दिलं आणि म्हणाली, "चल बाई माज्या घरी. उद्याचं उद्या बघू." ती आक्काबाई. त्या दिवसाबद्दल आक्काबाई आणि सविता सोडून कुणाला काहीच माहीत नव्हतं.

'माळीवाडा, नगर' हे शब्द लिहून झाल्यावर तिच्या हे ध्यानात आलं. हातानं आपलं काम उरकून टाकलं होतं. तिनं घाईघाईनं पाकीट उलटं केलं आणि पहिल्यांदाच तो अंगठा नीट बघितला. अंगठ्याच्या ठशातून एक तिरपी पांढरी रेघ गेली होती, वरून खाली, जखमेच्या व्रणाची. ऊस डाव्या हातात धरून तोडताना कानिफनाथचा कोयता निसटला होता आणि डावा अंगठा हाडापर्यंत चिरला होता. ती चिंधी सवितानंच बांधली होती.

ती दारात धावली. स्टँडवर शेकडो माणसं होती. टोपीवाली, फेटेवाली, बोचकी घेतलेली. त्यातलं कुणीही असू शकलं असतं. "भाऊ!" ती ओरडली. जालिंदर अंधाऱ्या खोलीतून हात पुसत आला. दोघं मागं वळली तेव्हा टेबलावरचं पाकीट नव्हतं. मळीचा वास मात्र दाट येत होता.

जालिंदर भला माणूस होता, तर्कानं चालणारा. त्यानं तिला स्टुलावर बसवलं. "असं बघ ताई. त्याला तुझा पत्ता लागला असंल, असं धरू. मग तो फोटो कशाला काढत बसंल? सरळ येऊन तमाशा करंल की. आला तर मी हाय, वस्तीतली पोरं हायती. भिऊ नको."

भिऊ नको म्हटल्यानं भीती जात नसते, पण त्याच्या बोलण्यात अर्थ होता. कानिफनाथला कॅमेऱ्याचं झाकण उघडता आलं नसतं. सविता स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. घरी गेल्यावर तिनं माधुरीला समोर बसवून बजावलं, "घर कुठंय ते कुणालाबी सांगायचं न्हाई. कुणी बाई असली तरी न्हाई. शपथ घे." माधुरीनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

५

त्याच आठवड्यात बाजारात लंकाबाई भेटली. ती सविताच्या टोळीतली जुनी सोबतीण, ऊसतोडीच्या हंगामात शेजारच्याच पाचटाच्या कोपीत राहायची. सविता तोंड फिरवून निघालीच होती, पण लंकाबाईनं पदर धरला.

"पळतीस कशाला? मी कुनाला सांगनार न्हाई." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आन् आता सांगायचं तरी कुनाला? तुजा मालक गेला की गं."

"कुठं गेला?"

"कुठं म्हंजी? मेला. गेल्या हंगामात. उसाची ट्रॉली कलंडली कॅनॉलजवळ, त्येच्याखाली घावला. तुला शोदायलाच निगाला व्हता म्हनत्यात. रस्त्यावर दिसंल त्याला इचारायचा, हे कुठलं गाव, हे कुठलं गाव. प्यालेला. मातीला मी व्हते बाई, माज्या डोळ्यांनी बगितलं."

सविता भर बाजारात भाजीच्या पाट्यांमध्ये मटकन बसली. तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं याची तिला लाजही वाटली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा ती पाठीमागं न बघता केडगावापर्यंत चालत गेली. माधुरीला तिनं जिलबी आणली. आक्काबाईनं तिच्या कपाळाकडं बघितलं, मग डोळ्यांकडं, आणि म्हणाली, "आज तू माणसात आलीस गं सविते."

अंगठ्याची रेघ? हजार माणसांचे अंगठे कापलेले असतात. हापसा, बाक? योगायोग. मेलेल्या माणसाचं भय बाळगायला ती काही अडाणी नव्हती. त्या रात्री ती इतकी गाढ झोपली की सकाळी आक्काबाईला तिला हलवून उठवावं लागलं.

सकाळी पेटीत पाकीट होतं.

जालिंदरनं फोटो धुऊन तिच्यासमोर ठेवला. फोटोत आक्काबाईचं घर होतं. निळी चौकट, दारावर जय भीम लिहिलेली पाटी, बाजूला सविताच्या खोलीचं दार. दार अर्धवट उघडं होतं. उंबऱ्याशी माधुरीची तुटक्या पट्ट्याची चप्पल होती, आणि तो पट्टा आदल्याच दिवशी तुटला होता.

सवितानं टाक उचलला नाही. हात मात्र लिहू पाहत होता. ती उठून दूर उभी राहिली आणि आपले हात तिनं काखेत दाबून धरले.

६

आधी तिनं तो फोटो स्टोव्हवर धरून जाळला. दुसऱ्या सकाळी पेटीत तसाच रोल होता, तसाच अंगठा, तोच फोटो. मग तिनं तो नाव न लिहिता फळीवर ठेवला. तो तसाच राहिला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. बाकीची पाकिटं आली आणि गेली, ते एक तिथंच होतं. नवा रोलही आला नाही.

तेव्हा तिला सगळं समजलं, आणि समजलं याचं तिला अतोनात वाईट वाटलं. हे समजून घेण्यापेक्षा वेड लागलेलं बरं, असं तिला वाटलं. पूल त्याला सापडला होता, पण ते कुठलं गाव हे त्याला कळत नव्हतं. तिनं लिहून दिलं तेव्हा तो पुढं सरकला. हापसा, बाक, सगळं तिनंच त्याला वाचून दाखवलं होतं. तो जिवंत असताना दाखवायची तसंच.

आता तो फळीजवळ उभा होता. दिसत नव्हता, पण तिथली हवा थंड असायची आणि मळीचा वास हलायचा नाही. दुपारी दुकान शांत झालं की फळीच्या बाजूनं एक आवाज यायचा, खूप वेळ उभं राहिलेला माणूस या पायावरून त्या पायावर होतो तसा. गिऱ्हाइकं नकळत तिथून जरा लांबून जायची. जालिंदरनंही आपला स्टूल दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला होता. कारण मात्र तो फॅनचं सांगायचा.

"फेकून देतो मी ते पाकीट," एकदा तो चिडून म्हणाला.

"नको भाऊ. ते इथं हाय तवर तो इथं हाय."

"ताई, मेलेलं मानूस उभं राहात न्हाई. आपली आक्का सांगती ना, असलं मानायचं न्हाई म्हनून. मीबी मानत न्हाई."

"मीबी मानत न्हाई," सविता म्हणाली, "पर तुम्ही तिथं जाऊन उभं राहा बरं."

जालिंदर गेला नाही.

केडगावच्या खोलीत मात्र काही नव्हतं. तिथं वास नव्हता, पायांचा आवाज नव्हता. ते घर अजून बिननावाचं होतं. पण असं किती दिवस चालणार? सविताचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नव्हता. झोपेत तिची बोटं गोधडीवर अक्षरं काढायची, आक्काबाईनं तिला दोनदा सांगितलं होतं. शेवटी तिनं ठरवलं की खोली बदलायची. नागापूरला एमआयडीसीत कामगारांच्या चाळी होत्या, हजारो खोल्या, सगळ्या एकसारख्या. तिथं त्याला कुठलं दार दिसलं तरी ते ओळखू येणार नाही, आणि ती तर नाव लिहिणार नव्हतीच. फोटोचं कामही सोडायचं, एखाद्या कारखान्यात पॅकिंगला लागायचं. पांढऱ्या शाईला पुन्हा हात लावायचा नाही.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिनं माधुरीला स्टुडिओत बसवलं आणि ती खोली बघायला गेली.

७

खोली मिळाली. पत्र्याची, एका खिडकीची, खिडकीतून दुसऱ्या चाळीची भिंत दिसायची. सविताला ती राजवाड्यासारखी वाटली. परत येताना तिनं मनातल्या मनात सामान लावूनसुद्धा ठेवलं. इथं चूल, इथं पोरीचं दप्तर, इथं खिळा.

ती दुकानात शिरली आणि जागीच थांबली. मळीचा वास नव्हता. फळी रिकामी होती.

"गेलं बघ एकदाचं!" जालिंदर हसत म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. "मी आत रोल धूत हुतो. माधुरी कुणाशी तरी बोलत हुती. बाहेर आलो तर गिऱ्हाईक गेलेलं. नेलं त्यानं पाकीट. आपल्याला उगं भ्या वाटत हुतं."

माधुरी टेबलामागं बसली होती. तिच्या बोटांना पांढरी शाई लागली होती.

"कोण आलं होतं?" सवितानं विचारलं.

"एक जण. त्यांचं तोंड न्हाई दिसलं, दारात ऊन हुतं ना. त्यांनी तो फोटो माझ्याम्होरं ठेवला आन् विचारलं, हे कुठलं गाव गं?"

"मग? तू सांगितलंस?"

"न्हाई!" पोर दुखावल्या आवाजात म्हणाली आणि तिनं गळ्याला हात लावला. "शपथ घेतली ना मी. मी कुणालाबी सांगितलं न्हाई. नुसतं फोटोवर लिहिलं, तू लिहितीस तसं. 'आमचं घर, केडगाव'. लई छान आलं अक्षर, आई. एकसुद्धा थेंब सांडला न्हाई."

सवितानं पोरीला मारलं नाही. कशासाठी मारणार? फोटोवर लिहिणं म्हणजे सांगणंच असतं, हे तिनं तिला कधी शिकवलं होतं? चार वर्षं पोर आईच्या मांडीशी बसून तेच तर बघत आली होती.

"भाऊ, घरी जा. आक्का एकटी हाय," एवढं ती बोलली. जालिंदरनं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि शटर अर्धं ओढून तो सायकलवर बसला. मानत नाही म्हणणारा माणूस असा सायकल मारत गेला की रस्त्यातली माणसं बाजूला झाली. सवितानं पोरीचं मनगट धरलं. घरी जायचं नाही. कपडे नकोत, भांडी नकोत, काहीच नको. तो केडगावला पोचेल, दार उघडेल, खोली रिकामी दिसेल, आणि पुढं त्याला वाचून दाखवायला कुणी नसेल. सरळ नागापूर.

८

मनमाड रस्त्याला जाणारा टेम्पो स्टँडच्या कोपऱ्यावर उभा होता. आत बाया आणि कामगार दाटीवाटीनं बसले होते. सविता अगदी मागच्या फळीला पाठ लावून बसली, पोरीला मांडीत घेऊन. दिवस कलला होता. टेम्पो हलला तेव्हा तिला एकदम जाणवलं की ज्या रस्त्यानं ती पळून आली होती त्याच रस्त्यानं आपण उलटं चाललो आहोत. पण दुसरा रस्ता तरी कुठं होता?

केडगाव उलट्या दिशेला मागं राहिलं. लांब लांब होत गेलं. हळूहळू तिचा श्वास शांत झाला. माधुरी मान उंच करून बाहेर बघत होती आणि दुसरीतल्या पोरांना नवीन वाचता यायला लागल्यावर ती जशी दिसेल ती पाटी वाचतात, तशी वाचत होती.

"दिल्लीगेट," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "सावेडी."

सविताला बरं वाटलं. पोर हुशार होती. ही शिकेल, मास्तरीण होईल, या विचारानं तिला कितीतरी दिवसांनी थोडी ऊब आली.

पोरगी वाचायची, मग जरा थांबायची, कान दिल्यासारखी मान कलती करायची आणि मग पुढची पाटी वाचायची. सविताचं तिच्याकडं लक्ष गेलं.

"कुणाला वाचून दाखवतीस गं?"

"मागचे विचारतात ना," माधुरी म्हणाली.

टेम्पोत मागं कुणी नव्हतं. मागं फळी होती आणि फळीमागं रस्ता. मळीचा वास सविताला तेव्हा आला, डिझेलच्या वासाखालून, हळूहळू वर येत. तिनं मान वळवली नाही. नुसते डोळे वळवले. फळीची वरची कड बाहेरून एका हातानं धरली होती, चार बोटं आत वळलेली आणि अंगठा कडेवर आडवा. अंगठ्यावरून वरून खाली एक तिरपी पांढरी रेघ गेली होती. टेम्पो खड्ड्यातून गेला तेव्हा बोटांची पकड आवळली.

तो केडगावला गेलाच नव्हता. त्याला घर नको होतं. त्याला वाचणारी हवी होती.

सवितानं दोन्ही हातांनी पोरीचं तोंड दाबून धरलं. समोरच्या बाया बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "अगं पोरीला गुदमरवतीस का काय!" सविताला ते ऐकू आलं नाही. टेम्पोचा वेग कमी झाला. डाव्या हाताला कारखान्यांची धुराडी दिसायला लागली, मग चाळी, मग नाक्यावरची पिवळी पाटी, मोठ्या काळ्या अक्षरांची. माधुरीचे डोळे पाटीकडं वळले. हातांखाली तिचे ओठ हलले, पण सवितानं ते उघडू दिले नाहीत.

टेम्पो थांबला. इंजिन बंद झालं. कामगार खाली उतरायला लागले, आणि त्या गडबडीत, अगदी तिच्या कानामागं, तो मऊ आवाजात म्हणाला, फळीच्या कडेला बसवायचा त्या पहिल्या वर्षी म्हणायचा तसा, "हे कुठलं गाव गं?"

सविताचे दोन्ही हात पोरीच्या तोंडावर होते. स्वतःच्या तोंडावर धरायला तिसरा हात नव्हता.

"नागापूर," ती म्हणाली.